एकतीस नंबरची बॅच

वाल्मीक विधाते या माणसाला मी सात वर्षांत एकदाही पूर्ण कप चहा पिताना पाहिलेलं नाही. अर्धा पितात, कप हाताला लागेल तिथे ठेवतात आणि निघतात. मग दिवसभर त्यांचे कप सापडत राहतात. प्रेसच्या पॅनेलवर, रबराच्या गठ्ठ्यांवर, खिडकीत. एकदा वजनकाट्यावर सापडला आणि त्या दिवशीची सगळी वजनं कपासकट झाली होती. आज मी हे हसून सांगते, पण तेव्हा हसायची सोय नव्हती, कारण सर दोन तास काट्याच्या कंपनीला फोनवर झापत होते.

मी हर्षाली. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक रबराचा कारखाना आहे, तिथल्या लॅबमध्ये मी काम करते. लॅब म्हणजे दोन टेबलं, एक भट्टी, एक दाबयंत्र आणि विधाते सर. सर मूळचे पिंपळगाव बसवंतकडचे. घरी द्राक्षबाग आहे, ती धाकटा भाऊ बघतो. सरांनी बी.एस्सी. केलं, ट्रेनी म्हणून इथे चिकटले आणि बावीस वर्षं रबर मळतायत. आम्ही मुख्यतः ठिबकच्या नळ्या जोडतात त्या भोकांत बसणारे रबरी ग्रोमेट आणि ट्रॅक्टरचे बुश बनवतो. जिल्ह्यातल्या निम्म्या बागांमध्ये आमचं रबर पाणी धरून बसलेलं असेल. कुणालाही याचा अभिमान वाटला असता. सरांना चीड आहे. "बावीस वर्षं मी भोकं बुजवली," असं ते म्हणतात. मुलीच्या शाळेत पालकसभेत ओळख करून द्यायला सांगितलं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं, आणि त्यांच्या मिसेस, सायलीताई, त्यानंतर दोन सभांना गेल्याच नाहीत.

या माणसाच्या आयुष्यात चार वर्षांपूर्वी गोल्फचा चेंडू आला. एका कोरियन कंपनीला चेंडूचा आतला गोळा बनवून देणारा कारखाना हवा होता आणि आमचे मालक रविराज शेठ कुठल्याशा प्रदर्शनात त्यांना भेटले. कारखान्यात कुणीही गोल्फ पाहिलेला नव्हता. नाशकात गोल्फ क्लब म्हणजे लोक सकाळी चालायला जातात ते मैदान, तिथे क्रिकेट चालतं, व्यायाम चालतो, गोल्फ सोडून सगळं चालतं. सरांनी नमुन्याचा चेंडू हातात घेतला, करवतीने मधोमध कापला आणि आतला लिंबाएवढा रबरी गोळा बघत राहिले. मग म्हणाले, "हे भोकाला लावायचं नाही. हे भोकात जायचंय." एवढ्यावर त्यांनी पुढची चार वर्षं घातली.

हे प्रकरण सोपं करून सांगते. चेंडूवरचं पांढरं कवच पातळ असतं. चेंडू किती लांब जाणार हे आतला गोळा ठरवतो. गोळा फार मऊ झाला तर फटका गिळून टाकतो, फार कडक झाला तर खेळणाऱ्याच्या मनगटाला झिणझिण्या आणतो. आतून जरा नरम आणि बाहेर येता येता कडक, असा तो हवा. त्यासाठी कृत्रिम रबर घ्यायचं, त्यात जस्ताच्या क्षाराची पिठासारखी पांढरी पावडर मिसळायची, जमण्यासाठी पेरॉक्साइड घालायचं आणि साच्यात तापवून दाबायचं. ही पांढरी पावडर म्हणजे सगळा जीव. ती कमी पडली की गोळ्याची उसळी गेली. ती नीट मिसळली नाही की आत पांढरे कण राहतात आणि गोळा तिथून फुटतो.

उसळी मोजायला सरांनी स्वतः एक तोफ बनवली होती. लोखंडी नळी, मागे कॉम्प्रेसर, पुढे पोलादी पाटा. शंभरच्या वेगाने पाट्यावर आपटलेला गोळा निदान एकोणऐंशीच्या वेगाने परत आला पाहिजे. अठ्ठ्याहत्तर म्हणजे नापास. शेजारच्या कारखान्यातले लोक सुरुवातीला आवाज ऐकून धावत आले होते, नंतर त्यांनी घड्याळ लावल्यासारखं त्यावर जेवायला बसणं सुरू केलं. सरांचं हे वेड कारखान्यापुरतंही राहिलं नाही. भाजीबाजारात ते मोसंबी घेतात ती दाबून, सोडून, पुन्हा दाबून. एका बाईंनी त्यांना सरळ सुनावलं होतं, "दादा, घ्यायची तर घ्या, चेपून दुसऱ्या गिऱ्हाइकाला ठेवू नका."

तीस बॅचेस झाल्या. पहिल्या अठ्ठावीस आठवत बसत नाही, सरांच्या डोक्यावरचे केस त्यातच गेले. पण एकोणतिसावी एकोणऐंशीला लागली आणि तिसावीही. कोरियन लोकांची अट होती की लागोपाठ तीन बॅचेस सारख्या आल्या पाहिजेत आणि तिसऱ्या बॅचचे शंभर गोळे दिवाळीआधीच्या शुक्रवारी निघाले पाहिजेत. त्यांना एकच कारखाना निवडायचा होता, दुसऱ्या कुठल्या देशात आणखी कुणीतरी याच शर्यतीत होतं. रविराज शेठही कंटाळले होते. त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं, "या वेळी झालं तर झालं. नाहीतर गोळ्याची प्रेस काढतो आणि तिथे ग्रोमेटच्या दोन लावतो." म्हणजे सगळं एकतीस नंबरच्या बॅचवर आलं होतं.

बॅच मळणारा माणूस म्हणजे पुंजा भोये. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरचे. आठवडाभर अंबडला खोलीवर राहायचे, शनिवारी घरी जायचे. मळायच्या मिलमध्ये दोन मोठे लोखंडी रोल एकमेकांकडे फिरत असतात, त्यांच्या फटीतून रबराचा पट्टा निघतो, तो सुरीने कापायचा, वळकटी करायची, आडवी करून पुन्हा रोलात घालायची. हे पुंजाभाऊ एकोणीस वर्षं करत होते आणि दहाही बोटं शाबूत होती, यात सगळं आलं. पावडरींची वजनंही तेच करायचे. बोलायचे कमी. सर शंभर सूचना द्यायचे, तेव्हा पुंजाभाऊ फक्त "हां" म्हणायचे आणि स्वतःच्या पद्धतीने करायचे. बॅच चांगली यायची, त्यामुळे सरांना भांडायला जागा मिळायची नाही.

खंडेनवमीला दरवर्षी आमच्याकडे यंत्रं पुजतात. आदल्या दिवशी पुंजाभाऊंनी एकतीस नंबरची सगळी वजनं करून ठेवली. पांढऱ्या पावडरीचा डबा मोजून, झाकण लावून, मिलच्या पायाशी. दसरा झाला की सकाळी आल्या आल्या बॅच लावायची, एक तास वाया नको, अशी सरांची घाई. सर तर पूजेच्या दिवशीही मिल चालवायला निघाले होते. पुंजाभाऊंनी पहिल्यांदा "हां"ऐवजी "नाय" म्हटलं आणि मिलला झेंडूचा हार घालून टाकला. हार घातल्यावर सर काय करणार? चिडून अर्धा चहा पिऊन निघून गेले.

पूजेच्या त्या सकाळी भिमाबाई मिलपुढे रांगोळी काढत होत्या. भिमाबाई आमच्याकडे गोळ्यांच्या कडा छाटतात, आणि सणावारी रांगोळी त्यांचीच. मी फोनवर होते. द्वारका चौकात माझ्या भावाची गाडी कुणीतरी ठोकली होती आणि तो मला तिथून लाइव्ह भांडण ऐकवत होता. भिमाबाईंनी मागून काहीतरी विचारलं, मी हात हलवून "घ्या ना, घ्या" म्हटलं. रांगोळी सुंदर झाली. मी मोबाइलवर फोटोही काढला.

दसऱ्यानंतर बॅच लागली. तिसऱ्या दिवशी तोफेने एकतीस नंबरचे गोळे मारले आणि आकडा आला शहात्तर. सरांनी सेन्सर पुसले. पुन्हा शहात्तर. दहा गोळे मारले. मग वजन केलं, तर प्रत्येक गोळा सुमारे एक ग्रॅम जड. कापून पाहिला, तर आत पांढरे कण. सरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. राग असता तर परवडला असता. ते घाबरले होते.

पुढचे आठ दिवस मला आठवतात ते नुसत्या पळापळीचे. सरांनी रबराची गठडी बदलून पाहिली, भट्टीचं तापमान तीन वेगवेगळ्या थर्मामीटरनी मोजलं, साचे उघडून बघितले, पाऊस होऊन हवा दमट झाली होती म्हणून पेरॉक्साइडची बरणी बदलली. कोरियन लोकांनी कळवलं की बिघाडाचं कारण सापडलं तरच ते एकतीस सोडून पुढची बॅच तिसरी म्हणून धरतील. त्यामुळे सर नुसती नवीन बॅच लावूनही सुटू शकत नव्हते. ते लॅबमध्ये येरझाऱ्या घालायचे आणि माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला दर वेळी त्यांची मांडी आपटायची. दर वेळी ते टेबलाकडे रागाने बघायचे. मला त्या आवाजाने काम सुचेना, जेवण जाईना.

आठव्या दिवशी त्यांनी एकतीस नंबरच्या उरलेल्या पट्ट्यांचं एकूण वजन केलं. साच्यात गेलेलं, छाटलेलं, सगळं धरून. बॅच असायला हवी त्यापेक्षा अर्धा किलो जास्त भरली. म्हणजे वजन करतानाच चूक. आत पांढरे कण, म्हणजे मिलवर मळताना कसूर. दोन्ही कामं एकाच माणसाची. सरांना आठ दिवसांनी उभं राहायला जमीन मिळाली होती आणि त्यांनी ती सोडली नाही.

ते तडक मिलवर गेले. मी मागे होते. सगळी पाळी तिथेच होती.

"पुंजाभाऊ, वजनं कोणी केली?"

"मीच केली, साहेब."

"अर्धा किलो जास्त आहे."

"नाय साहेब. मी बरोबर मोजलं व्हतं. दोनदा मोजलं."

"मग काय कुणी रात्रीतून वाढवलं? एकोणीस वर्षं झाली, आता डोळे तपासून घ्या. काटा दिसत नसेल तर सांगा, दुसरा माणूस लावतो."

पुंजाभाऊंनी मिल बंद केली. रोल थांबेपर्यंत वाट बघितली. मग सुरी पुसून फळीवर ठेवली, हात धुतले आणि शनिवार नसताना हरसूलच्या गाडीला निघून गेले.  मी त्यांना थांबवलं नाही. मला वाईट वाटत होतं, पण अर्धा किलो मीही काट्यावर पाहिला होता.

सरांनी कोरियाला अहवाल पाठवला, कारण: कामगाराची चूक. मग मयूर नावाच्या दुसऱ्या ऑपरेटरला मिलवर उभं केलं. त्याने बत्तीस नंबरची बॅच मळली, ती सत्याहत्तरला आली. गोळे एकसारखे नव्हते. पुंजाभाऊ वळकटी किती वेळा घालतात, पट्टा कधी आडवा करतात, हे सरांनी चार वर्षांत कधी लिहून घेतलं नव्हतं. तापमान लिहिलं होतं, वेळ लिहिली होती, रोलांमधली फट लिहिली होती. पुंजाभाऊ लिहिले नव्हते.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी भिमाबाई माझ्याकडे आल्या. लक्ष्मीपूजनाच्या रांगोळीची तयारी चालली होती.

"ताई, यंदा तुमची ती डब्यातली पावडर नको मला. दिसायला लय पांढरी, पन रेघच धरत नाय. पिठावानी उडती."

"कुठली पावडर?"

"मिलपाशी व्हती ती. दसऱ्याला दोन वाट्या घेतली नव्हती का? तुमाला इचारलं तर तुमी घ्या म्हनल्या. उसनी घेतली व्हती, म्हनून मी त्याच सांजेला घरून रांगोळी आनून दोन वाट्या भरून परत टाकली. वर आनखी चिमूट घातली. कुनाचं कमी नाय ठेवायचं."

 आमच्याकडे मिलजवळ रबर चिकटू नये म्हणून संगजिऱ्याचा पिंप असतो, ती पावडर कुणीही घ्यावी, तिला काही मोल नाही. फोनवर हात हलवताना माझ्या डोक्यात, असलंच तर, ते असणार. भिमाबाईंनी झाकण उघडून बॅचचा डबा घेतला होता. आणि शेजारणीची साखर परत करावी तशी इमानाने, माप भरून, वर चिमूटभर जास्त टाकून परत केली होती. रांगोळी आमच्या पावडरीपेक्षा कितीतरी जड. अर्धा किलो कुठून आला ते कळलं. पांढरे कण कसले ते कळलं. पुंजाभाऊंनी दोनदा मोजलं होतं आणि दोन्ही वेळा बरोबर मोजलं होतं.

मी सरांना सांगितलं. पण सगळं सांगितलं नाही. "भिमाबाईंनी चुकून त्या डब्यातली पावडर घेतली आणि रांगोळी परत टाकली," एवढं म्हणाले. त्यांनी आधी मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, हे तोंडातून निघालं नाही. त्या क्षणी मला वाटलं, नंतर सांगू, आधी काम महत्त्वाचं. खोटं आहे हे. मला भीती वाटली होती.

सर धावतच भिमाबाईंकडे गेले. मी तोवर एकतीस नंबरचा एक गोळा भट्टीत जाळला आणि राखेवर आम्लाचा थेंब टाकला. फसफसला. आमच्या पावडरीची राख फसफसत नाही, रांगोळीची फसफसते. सर परत आले, राख बघितली, खुर्चीत बसले आणि लगेच उठले.

"बाईंना कुणी एक शब्द बोलायचं नाही," ते म्हणाले. "गाडीत बस. हरसूलला जाऊ."

त्र्यंबकचा घाट मागे पडेपर्यंत सर गाडी पळवत होते, स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. मी हिशेब केला की उद्या बुधवारी बॅच मळली, एक रात्र पट्ट्या ठेवल्या, गुरुवारी साचे, शुक्रवारी तपासणी, तर कुरिअर गाठता येतं. पुंजाभाऊ आजच बरोबर आले पाहिजेत.

पाड्यावर पुंजाभाऊ खाचरात होते. भात कापून आडवं पडलं होतं आणि वर आभाळ भरून आलं होतं. त्यांनी आम्हाला बघितलं, हातातलं ठेवलं नाही, पण घराकडे हात केला. त्यांच्या बायकोने, सावित्रीबाईंनी, अंगणात बाज टाकली आणि काळा चहा दिला. मी तो प्याले. थोड्या वेळाने पुंजाभाऊ आले आणि उभेच राहिले. सरांनी रांगोळीची सगळी हकीकत सांगितली, अडखळत, मागचं पुढे करत. मग म्हणाले, "माझी चूक झाली. मी तुमची माफी मागायला आलोय."

पुंजाभाऊ म्हणाले, "मी तवा सांगितलं व्हतं ना साहेब, बरोबर मोजलं म्हनून?"

"सांगितलं होतं."

"दोनदा मोजलं, हे पन सांगितलं व्हतं."

"हो."

"आता बाई बोलली म्हनून मी खरा. बाई नसती बोलली तर?"

 सात वर्षांत मी त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मला अंगणातून पळून जावंसं वाटत होतं. बोलायची हीच वेळ होती आणि मी चहाच्या कपात बघत होते.

"कोरियाला मी तुमची चूक लिहून पाठवली, तो अहवाल आज दुरुस्त करून पाठवतो," सर शेवटी म्हणाले. "तुमचं नाव त्यातून काढतो, माझं घालतो. आणि बॅच तुमच्याच हातची पाठवायची आहे. याल का?"

पुंजाभाऊंनी आभाळाकडे बघितलं. "भात पडलंय साहेब. भिजलं तर वरीसभर काय खायचं? झोडून घरात टाकल्याबिगर मी हालत नाय. शनवारी येईन."

शुक्रवारी कुरिअर होतं. मला वाटलं आता सर भडकतील, हातापाया पडतील, निदान माणसं लावून भात झोडून देतो म्हणतील. ते म्हणाले, "शनिवारी या. मी थांबतो."

परतीच्या वाटेवर मी भांडले. "सर, मयूरचा हात आता बसत आलाय. पावडर शुद्ध घातली तर त्याचीही बॅच लागेल. उद्या लावूया. चार वर्षं घातलीत तुम्ही."

"लागेलही."

"मग?"

"एकोणतीस आणि तीस कुणाच्या हातच्या? त्या माणसाला मी डोळे तपास म्हणालो. आता त्याच्याशिवाय बॅच पाठवली तर माफी कसली मागितली मी?" एका वळणावर रेंज आली तेव्हा त्यांनी गाडी थांबवली आणि रविराज शेठना फोन लावला. शेठचा आवाज मला फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होता. सर फक्त म्हणत होते, "हो, माझी जबाबदारी. हो शेठ. सोमवारी जाईल."

शनिवारी पुंजाभाऊ आले. हाताला भाताची कुसळं टोचल्याचे लाल ओरखडे होते. त्यांनी वजनं केली, आणि प्रत्येक वजन सरांना बोलावून दाखवलं. सर म्हणाले, "दाखवू नका, करा." तरी दाखवलं. दर वेळी सर खाली मान घालून काटा बघत होते. मला ती सकाळ संपता संपेना.

तेहेतीस नंबरची बॅच एकोणऐंशी पूर्णांक चारला लागली. कापलेल्या गोळ्यात एक कण नव्हता. आम्ही केलेली ती सगळ्यात चांगली बॅच. शंभर गोळे सोमवारी निघाले.

दिवाळी झाली. त्या दिवसांत सर माझ्या टेबलापाशी यायचे आणि उभे राहायचे. "काय चाललंय?" विचारायचे. मी भट्टीचं काहीतरी सांगायची. "आणखी काही?" "नाही सर." मग निघून जायचे. मला वाटायचं, कोरियाच्या निरोपाची वाट बघतायत, जीव थाऱ्यावर नाही. मलाही झोप लागत नव्हती. भिमाबाई समोर आल्या की मी दुसरीकडे वळायची. रोज ठरवायची, आज सांगू. संध्याकाळी द्वारकेच्या सिग्नलला गाडी अडकली की स्वतःला शिव्या घालायची.

निरोप आला तो असा: गोळे उत्तम आहेत, परंतु निवड शुक्रवारी पूर्ण झाली, दुसऱ्या कारखान्याशी करार झाला आहे, पुढे संधी आल्यास कळवू. रविराज शेठ शब्दाला जागले. आठवड्याभरात गोळ्याची प्रेस उचलायला माणसं आली.

आम्ही तिघं तिथे उभे होतो. सर, पुंजाभाऊ आणि मी. माणसं प्रेसचे बोल्ट सोडत होती. सर मध्येच पुढे जाऊन त्यांना पाना कसा धरायचा ते दाखवत होते, पुन्हा मागे येत होते. पुंजाभाऊंनी बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "माझ्या भातापायी गेलं का साहेब हे?"

"नाही हो. माझ्यापायी गेलं."

आणि मला राहवलं नाही. मी बोलायला लागले ते थांबताच येईना. भिमाबाईंनी मला विचारलं होतं, मी फोनवर होते, मी न बघता घ्या म्हणाले, त्यांनी चोरून काही केलं नव्हतं, चूक माझी होती, तुम्ही दोघं आपापल्या माथ्यावर घेताय ती माझी आहे. बोलता बोलता मला रडू आलं आणि बोल्ट सोडणारी माणसंही थांबून बघायला लागली.

पुंजाभाऊंनी विचारलं, "ताई, माझ्या अंगनात चा घेतला तवा ठावं व्हतं तुमाला?"

"हो."

त्यांनी मान हलवली.  सुरी घेतली आणि मिलकडे गेले, तिकडे बुशची बॅच लागायची होती.

मी सरांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"भिमाबाईंनी त्याच दिवशी सांगितलं, मी विचारायला गेलो तेव्हा."

"मग तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत?"

"पुंजाभाऊंना मी त्यांचं न ऐकता बोललो होतो," सर म्हणाले. "तुझं आधी ऐकायचं ठरवलं होतं. फार दिवस लावलेस, हर्षाली."